गुडघ्यावरची थाप

"पत्रा ठोकलाय रे इथं," लायमन हाताने चाचपत म्हणाला. गाडीत त्याच्या शेजारची माझी, मेकॅनिकची, जागा मालकाने पत्रा मारून बंद करून टाकली होती. नवा नियम आला होता. शर्यतीत मेकॅनिक बरोबर नको, चालक एकटाच हवा. वजन वाचतं म्हणे.

लायमन हॅस्केट म्हणजे इंडियानातल्या जत्रांच्या मैदानांवरच्या मोटारशर्यतींचा राजा. वळणावर हा गडी जिवावर उदार होतो, असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे धूळ आणि गरम तेल उडून उडून त्याचे डोळे कामातून गेले होते. इंजिनापुढे बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून सगळेच मेकॅनिक चालकाच्या गुडघ्यावर थाप मारून मागून येणारी गाडी कळवत. मी त्याला झेंडा पडल्याचं आणि वळणंसुद्धा थापेनेच सांगायचो. हे आम्हा दोघांशिवाय फक्त त्याच्या बायकोला, ओपलला, ठाऊक होतं.

आज शर्यतीत उतरू नकोस, म्हणून मी त्याला परोपरीने विनवलं.

"नाही उतरलो तर मालक गाडी दुसऱ्याला देईल," तो म्हणाला. "मग मी काय करू, एमेट? कोंबड्या पाळू?"

त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

झेंडा पडला. सगळ्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या आणि लायमनची जागच्या जागी गुरगुरत राहिली. लोक आधी हसले, मग म्हातारा टरकला म्हणून ओरडायला लागले. कुणी भुईमुगाची टरफलं फेकली. मी कुंपण ओलांडून धावलो.

त्याने इंजिन बंद केलं होतं.

"गेले सगळे?"

"गेले."

"थापेची वाट बघत बसलो बघ. मग कळलं, आता कोण मारणार?" तो म्हणाला, "कुणाला काही सांगू नकोस. भ्याला म्हणू देत. आंधळा म्हणाले, तर आजवर जिंकलेलंही खोटं ठरेल."

गाड्या फेरी मारून परत यायच्या आत त्याला बाहेर काढायला हवं होतं. मैदानावरचे दोघे जण मागून ढकलायला लागले. मी गाडीत हात घालून बाजूने चालत होतो. फाटक आलं, तशी मी त्याच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली.

त्याने स्टिअरिंग वळवलं, अगदी बेताने, नेहमीसारखंच.