पावाची कड

"अहो, नाक गहाण ठेवलंय का? दुधाचा कोळसा झाला आणि तुम्ही शेगडीशेजारी पेपर वाचताय!"

बायको भराभर खिडक्या उघडत होती. नाकशेठ काळ्या पातेल्याकडे बघत राहिले.

"बातमीत गुंगलो होतो," ते म्हणाले.

साफ खोटं. गेल्या महिन्यात ताप येऊन गेल्यापासून बावीस दिवस त्यांना कसलाच वास येत नव्हता, आणि हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? बिअरच्या कारखान्यात एकतीस वर्षं याच नाकाचा शब्द शेवटचा. मोड आणून भाजलेल्या जवाला, म्हणजे माल्टला, ओळखायचे शब्दसुद्धा त्यांचेच. हलकं भाजलेलं म्हणजे बिस्किट, थोडं जास्त म्हणजे पावाची कड. भिजून बिघडलेलं म्हणजे ओलं गोणपाट.

कोरडं माल्ट आलं की निभायचं. दाताखालची करकर भाजणी सांगायची, जीभ गोड-कडू सांगायची. पण ग्लासातली बिअर चावणार कशी?

अकरा वाजता चाखण्याच्या खोलीत तिघं बसली: नाकशेठ, मॅनेजर आणि अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकलेल्या चष्मेवाल्या बाई. नियम नाकशेठचाच होता. आधी मुकाट चिठ्ठीवर लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर मोठ्याचं तोंड बघून बाकीचे नंदीबैल.

त्यांनी ग्लास नाकाशी नेला. नुसता गारवा. घोट घेतला, तोही नेहमीसारखाच वाटला. ही बिअर गेली नऊ वर्षं एकाच चवीची निघत होती. त्यांनी सवयीने लिहून टाकलं, 'पावाची कड'.

बाईंच्या चिठ्ठीवर होतं, 'ओलं गोणपाट'.

मॅनेजर हसले. "बाई, आज नाक चोंदलंय वाटतं! नाकशेठ पावाची कड म्हणतायत, म्हणजे प्रश्नच मिटला. टाकी बाटल्यांत भरायला सांगतो."

बाईंनी पुन्हा वास घेतला. नाकशेठकडे पाहिलं. मग ओशाळून म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल." आणि चिठ्ठी फाडायला घेतली.

अकरा वर्षांत ही बाई एकदाही चुकली नव्हती, आणि आज नाकशेठपायी स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवत होती.

"फाडू नका," ते म्हणाले. "बाई बरोबर आहेत. मला वासच येत नाही साहेब. बावीस दिवस झाले."

मॅनेजरांनी फोन उचलून टाकी रोखून ठेवायला सांगितली.

"गोणपाट कसलं, बाई?" नाकशेठनी हळूच विचारलं. "ताजं भिजलेलं, की कुबट?"

"कुबट. कोपऱ्यात विसरलेलं."

"मग माल्ट येताना गाडीत नाही भिजलं. आपल्याच कोठाराचं छप्पर गळतंय. उत्तरेकडचा कोपरा बघायला सांगा."

निघताना त्यांनी आपला ग्लास धुतला, पुसला आणि बाईंच्या ग्लासाशेजारी पालथा घातला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी चिडली, मग डोळे पुसून शेगडीकडे वळली. तव्यावर पाव टाकला. नाकशेठ तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"आता बिस्किट," ती तव्यावर वाकून वास घेत म्हणाली. "थांबा हं... थांबा... आता कड."

"काढ मग," नाकशेठ म्हणाले.