वजनाच्या दिवसाचं कोर्ते

दवाखान्यातल्या तपासणीचा दिवस आला की डोन्या तोमासा पेटीतलं स्वतःचं कोर्ते काढून गरोदर सुनेला नेसायला द्यायची. आठ वार जाडजूड हातमागाचं कापड कमरेला गुंडाळायचं आणि वरून पट्टा आवळायचा. एरवी त्याला हात लावू न देणारी सासू त्याच दिवशी एवढी उदार का होते, हे एउलालियाच्या मनात सलत होतं.

पहिल्या तपासणीला ती साध्या कोर्त्यात गेली होती. दुसऱ्या वेळी हे जाड आलं, तिसऱ्या वेळी वर लोकरी शाल. आज तर सासूने आतून आणखी एक कोर्ते नेसवलं.

"डोंगरात गारठा आहे गं."

बाहेर ऊन रणरणत होतं.

घरात एउलालियाला जेवणाला मोजून तीन तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, मिळायच्या. भूक तशीच राहायची, पण दवाखान्याच्या कार्डावर वजन दर महिन्याला चढत होतं. खाल्लं नाही, तर वाढतंय कुठून?

दवाखान्यात काटा पाहून निन्फा सिस्टर म्हणाली, "छान! दीड किलो वाढलं."

"थांबा सिस्टर. हे सगळं उतरवून परत बघते."

"लाज आहे का काही?" तोमासा कडाडली.

"पडदा आहे, आई."

परकरावर ती काट्यावर चढली. सेहेचाळीस. पहिल्या तपासणीला साध्या कोर्त्यासकट सत्तेचाळीस होतं; म्हणजे काहीच वाढलं नव्हतं.

"डोन्या तोमासा, हिला जेवण देता की नुसता वास?"

तोमासाने उतरवलेली शाल उचलून घडी घातली. मग म्हणाली, "माझ्या लेकीला, लुसियाला पोटभर घातलं होतं. बाळ थोराड झालं, अडलं. दोघं गेली. बारीक बाळ लवकर सुटतं. आणि आकडा कमी दिसला की तुम्ही ओरडता, म्हणून हे कापड."

"बाळ आडवं असलं, कमरेचं हाड अरुंद असलं, तरी अडतं. उपाशी ठेवून हाडं रुंद होत नाहीत. हिचं बाळ मात्र खुरटेल."

"तुम्ही असंच म्हणणार."

एउलालिया थिजून ऐकत होती. सासू कंजूष आहे, एवढाच तिचा संशय होता.

बाहेर पडताच तिने तामालवालीकडून पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे दोन तामाल घेतले आणि उभ्या उभ्या पहिला संपवला.

"पुरे आता," तोमासा म्हणाली.

एउलालियाने दुसऱ्याचं पान सोडलं. तोमासाने तिचा हात धरला नाही. ती पायरीवर बसली आणि प्रत्येक घासागणिक सुनेच्या पोटाकडे बघत राहिली.