मिठाची पुरचुंडी

अंबिकाबाईंनी ते सांगितलं ते अगदी सहज, तिळाचे लाडू वळता वळता. संक्रांत होऊन गेली होती, पण उद्या रविवारी त्यांच्या मुलाने, निशांतने, जोडलेलं विमान उडायचं म्हणून बडोद्याचे मामा येणार होते, देवासहून नणंद येणार होती, तेव्हा डबा पुन्हा भरायला घेतला होता. परातीच्या पलीकडे बसलेल्या शिवांगीचा लाडू काही केल्या वळत नव्हता. पाक हाताला चिकटत होता आणि मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळपासून ती मधेच उठून गॅस बंद आहे ना ते बघून येत होती, मग लेक अनू कुठे आहे ते बघून येत होती.

"एवढं काय तोंड पाडून बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. "काही व्हायचं नाही त्याला. मी पंखात सोय करून ठेवलीय."

"कसली सोय?"

"दृष्टीची. कमी टोकतात का लोक? परवा तो वाण्याचा पोरगा मला विचारतो, अम्माजी, चिड़िया अब तक अंडे पे बैठी है क्या? माझ्या तोंडावर. असल्यांसाठीच मागे बांधून ठेवलं. लाल फडक्यात मीठ, मोहरी अन् तांब्याचा पैसा."

शिवांगीचा हात परातीतच थांबला. "आई, पंखात म्हणजे कुठे?"

"आत गं. तो दसरा नव्हता का, तुम्ही हत्यारांची पूजा केली, पंख खालून उघडाच होता तेव्हा. निशांत नारळ आणायला गेला अन् मी कोपऱ्यात खोचली. ती लांब पट्टी आहे ना आडवी, तिच्या मागे. चांगली घट्ट बसली, हलायची नाही."

"मीठ किती होतं?"

"मूठभर असेल. खड्याचं. त्याला काय झालं?"

त्याला काय झालं ते सासूबाईंना सांगून उपयोग नव्हता. शिवांगीने कॉलेजात केमिस्ट्री घेतली होती आणि बरे मार्क मिळवून ती विसरलीही होती. पण काही गोष्टी माणूस विसरत नाही. ॲल्युमिनियमचा पंख, तांब्याचा पैसा आणि दोघांच्या मधे मिठाचं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मीठ पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढतं हे कुठल्याही बाईला बरणी बघून कळतं. तो दसरा मागच्या वर्षीचा नव्हे, त्याच्या आधीचाही नव्हे, त्याच्याही आधीचा. म्हणजे दोन पावसाळे ती पुरचुंडी पंखाच्या कण्याला चिकटून भिजत होती.

कणाच तो. निशांत त्याला स्पार म्हणायचा. पंखाचा सगळा भार त्या एका आडव्या पट्टीवर, बाकी नुसता पत्रा, असं त्यानेच तिला शिकवलं होतं. पिथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून सात वर्षं तो हे दोन माणसांचं विमान जोडत होता. परदेशातून खोक्यांत भरून आलेले पत्रे, पट्ट्या, नळ्या; हातोदच्या पुढे, जुन्या धावपट्टीला लागून भाड्याने घेतलेली पत्र्याची शेड; आणि प्रत्येक लग्नामुंजीत पाहुण्यांचा तोच इंदुरी प्रश्न, काय भिया, उडलं का? आधी तो हसायचा. मग उत्तर द्यायचा. अलीकडे लग्नांना जाणंच त्याने सोडलं होतं.

शिवांगीला त्या विमानाची भीती पहिल्यापासून होती, आणि तरी ते तिच्याही हातांनी झालं होतं. पत्रे जोडणारी रिवेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून हवेच्या बंदुकीने ठोकायचं, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा. पंखाच्या चिंचोळ्या जागेत निशांतचा हात जात नसे, तिचा जाई. अनू पोटात होती तेव्हाही ती स्टुलावर बसून ठोकळा धरायची.

तिने हात धुतले, अनूला स्वेटर चढवला आणि स्कूटी काढली. "लाडू?" सासूबाईंनी विचारलं. ती अनूला पुढे उभी करून निघाली.

शेडमध्ये निशांत आणि बंटी इंजिनावरचं झाकण पुसत होते. बंटी म्हणजे शेडच्या मालकाचा पुतण्या, निशांतचा शाळेतला दोस्त, पडेल ते काम करणारा. पांढरं विमान दोन्ही पंख पसरून उभं होतं. त्याच्या नाकावर कोणीतरी आधीच झेंडूची माळ घातली होती.

"अरे वा, वहिनी," बंटी म्हणाला. "लाडू लाए के खाली हाथ?"

शिवांगीने निशांतला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो हसला. "आई पण ना. यार, कमाल आहे."

"निशांत, मीठ आहे ते."

"मूठभर मीठ गं. रंग दिलाय आतून."

"खड्याने रंग खरवडला असेल. तू बघ ना एकदा. नुसतं बघ."

त्याने बघितलं. तारेवर बसवलेला छोटा कॅमेरा पंखाच्या मुळाशी असलेल्या भोकातून आत सरकवला आणि मोबाइलच्या पडद्यावर चित्र आलं. रिवेटच्या सरळ रांगा, हिरवट रंग, मग कोपरा. फडकं काळपट पडलं होतं आणि त्याच्याभोवती ओल्या भिंतीला फुटावा तसा पांढरा फुलोरा आला होता. कॅमेरा त्याच्या पलीकडे जाईना. निशांतने तार थोडी हलवली, पुन्हा हलवली, आणि मोबाइल बंद करून खिशात टाकला.

"वरवरचं आहे," तो म्हणाला.

"उघडून बघ."

"उघडायचं म्हणजे पत्रा काढायचा. उद्या लोक येताहेत, शिवा."

"लोकांना सांगू पुढच्या महिन्यात."

"सांग तू. तू सांग मामाला. मी सात वर्षं सांगतोय." त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने बंटीला हाक मारली आणि दोघे पेट्रोलचे कॅन घेऊन जीपमधून निघून गेले.

अनू दारातल्या खाटेवर बसून आकाशातले पतंग बघत होती. शिवांगीने तिला बिस्किटाचा पुडा दिला, इथून हलायचं नाही असं बजावलं, तिच्याकडे दोनदा वळून पाहिलं, आणि मग भिंतीवरचं ड्रिल काढलं.

विचार साधा होता. त्याने नीट पाहिलेलं नाही म्हणून तो असं बोलतो. डोळ्यांसमोर आलं की कळेल. निशांत काही मूर्ख माणूस नाही. एक रिवेट वाकडी बसली तर ती काढून पुन्हा ठोकणारा माणूस. त्याच्या त्या किरकिरीने तिच्या कितीतरी संध्याकाळी खाल्ल्या होत्या, आणि आज तिला त्याच किरकिरीचा आधार वाटत होता.

ती पंखाखाली सतरंजी टाकून उताणी झोपली. कोणत्या रांगेमागे तो कोपरा आहे हे तिला शोधावं लागलं नाही. एकेका रिवेटच्या डोक्यात ड्रिल टेकवून ती ते उडवत गेली. चुरा कपाळावर, केसांत पडत होता. तीन बाजू सुटल्यावर तिने पत्रा वाकवून खाली ओढला. आधी खाली पडली मोहरी. मग ओलसर फडकं, आणि त्याला चिकटलेला हिरवा पैसा.

तिने आत बोट घातलं. स्पारवर हात फिरवला की लागायचा तो गुळगुळीतपणा तिथे नव्हता. खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले होते. नखाने टोकरलं तर पापुद्रा निघून हातात आला, त्याखाली आणखी एक.

जीप आली तेव्हा ती तशीच पडून होती. ड्रिल आणि लोंबणारा पत्रा बघून बंटी म्हणाला, "ओ तेरी." निशांतने कॅन खाली ठेवले. तो रागावेल, ओरडेल याची तिने तयारी केली होती. पण तो तिच्या शेजारी आडवा झाला, बॅटरी लावून बराच वेळ आत बघत राहिला. मग त्यानेही नखाने टोकरून पाहिलं.

बंटीने वाकून बघितलं. "भिया, ये तो गया," तो हळूच म्हणाला.

"बंटी, चहा घेऊन ये."

"अरे पण..."

"जा ना यार."

बंटी गेला. निशांत उठून बसला, पँटवरचा चुरा झटकला. शिवांगी त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल की बरं झालं तू बघितलंस.

तो कपाटाशी गेला आणि पॉलिश पेपर घेऊन आला.

"काय करतोयस?"

"घासून प्रायमर मारतो. संध्याकाळपर्यंत वाळेल."

"निशांत, ते आतपर्यंत खाल्लंय."

"दिसतंय मला."

"तूच म्हणाला होतास, स्पारवर साधा ओरखडा पण चालत नाही."

"चालतच नाही." तो पेपरची घडी घालत होता, नेहमीसारखी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "दहा मिनिटं उडवणार आहे. एक चक्कर, सरळ, हळू. तेवढं टिकेल. मग पंख तोडून भंगारात घालतो, तुझी शपथ. पण एकदा त्यांच्या डोक्यावरून जाऊ दे."

"आणि नाही टिकलं तर?"

निशांत दाराकडे बघून म्हणाला, "अनूला जरा लांब ने. ही पावडर नाकात जाईल तिच्या."

शिवांगी उठली. आत्तापर्यंत ती सासूबाईंच्या भाबडेपणाला भीत होती, गंजाला भीत होती, पंख उघडेल की नाही याला भीत होती. माणसाला सगळं कळूनही तो थांबणार नाही, हे तिने धरलंच नव्हतं.

बाहेर येऊन तिने तपासणी करणाऱ्या साहेबांना फोन लावला. त्या दसऱ्याच्या आधी पंख उघडा असताना त्यांनीच तो तपासून पास केला होता, त्यांचा नंबर तिच्याकडे होता. ते कुठल्याशा लग्नात होते, मागे बँड वाजत होता. त्यांनी तिचं बोलणं नीट ऐकलं, दोनदा अरे अरे म्हणाले. "ये तो बहुत गलत हुआ, मॅडम. उडवू देऊ नका. मी सोमवारी येऊन बघतो."

"सर, ते उद्याच उडवणार आहेत. तुम्ही त्यांना आत्ता फोन करून नको म्हणून सांगा."

"मी लावतो ना, जरूर लावतो," ते म्हणाले. "पण तुम्हीच समजावा. घरचं माणूस आहे, तुमचं ऐकेल."

फोन त्यांनी खरंच लावला असावा. आत निशांतचा मोबाइल वाजला आणि वाजून वाजून थांबला. पॉलिश पेपरचा आवाज मात्र थांबला नाही.

बंटी चहाची थैली आणि कागदी कप घेऊन आला, ते कपाटावर ठेवून बाहेर खाटेवर येऊन बसला. त्याने अनूला पतंगांचे रंग विचारायला सुरुवात केली. शिवांगीकडे त्याने बघितलं नाही.

"तुम्ही सांगा ना त्याला," ती म्हणाली.

"वहिनी, मी काय सांगू? तो मानतो का कुणाचं." मग अनूचा स्वेटर सारखा करत, "मी तर नाहीच धरणार ठोकळा. बोल दिया मैंने."

तिथेच तिला एक आशा दिसली. पत्रा पुन्हा ठोकायला दुसरा हात लागतो. बंटी धरणार नाही, ती धरणार नाही. उघड्या पंखाने कोणी उडू शकत नाही.

उन्हं उतरली तेव्हा प्रायमरचा वास बाहेर आला आणि निशांतने हाक मारली. "शिवा, जरा ठोकळा धर."

ती दारात उभी राहिली. "मी नाही धरणार."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, ते तरी बरं झालं असतं. त्याने मान हलवली, बाकाखालचा एक पत्र्याचा डबा ओढला आणि त्यातून दुसरी बंदूक काढली, कातरीसारखे दोन दांडे असलेली. एकट्या माणसाने बाहेरूनच बसवायच्या रिवेट असतात, पोकळ. त्या जेवणाच्या डब्यांना, गाड्यांच्या नंबरप्लेटांना लावतात, असल्या हलक्या रिवेटला मी पंखाजवळ फिरकू देणार नाही, असं निशांतच म्हणायचा.

तो पंखाखाली शिरला. पहिली रिवेट कट् करून बसली.

शिवांगी अनूला कडेवर घेऊन स्कूटीपाशी आली. पोरगी जड झाली होती, झोपेला आली होती. आत एकामागून एक आवाज येत होते, अंतर सारखं, घाई नाही. तिने पुन्हा फोन काढला आणि जुन्या इंदुरात राहणाऱ्या आपल्या आईला लावला.

"आई, उद्या सकाळपासून अनूला तुझ्याकडे ठेवू का? दिवसभर."

"ठेव की," आई म्हणाली. "पण ती का नाही येत विमान बघायला? तिच्या बाबाचं विमान, आणि तीच नाही?"

"तिने बघायला नको," शिवांगी म्हणाली.