आटवलेलं पाणी

पाणी चांगलं उकळून द्या, असं पोस्टकार्डावर मीच लिहिलं होतं.

माझ्या भावाच्या, धर्मपालच्या, बायकोला, जयवंताला, दूध कमी येत होतं. नांदगाव खंडेश्वराजवळच्या आमच्या गावी ती महिन्याच्या मुलीला शेळीच्या दुधात पाणी घालून पाजायची. मुलीला ढाळ लागले. मी अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. राजापेठेतल्या खोलीत बसून मी शहाणपणा पाठवला. जयवंताने पाणी निम्मं आटेपर्यंत उकळलं. मुलीचे ओठ निळसर झाले, मग नखं. पाचव्या दिवशी ती गेली.

गावाने जयवंताचा पायगुण काढला. मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. नायट्रेटच्या परीक्षेत नळी हळदीसारखी पिवळी झाली. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं तसं ते दाट होतं. तान्ह्या मुलाच्या पोटात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हे मला नंतर एका मासिकात वाचायला मिळालं. मासिक आमच्याच ग्रंथालयात होतं.

नायट्रेट कुठून आलं हे शोधायला पुस्तक लागलं नाही. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात गावाचे बारा उकिरडे आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला आले.

बासष्टच्या जुलैत वनमहोत्सवासाठी ब्लॉकचे साहेब कॅमेरा घेऊन आले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सरपंच खुशालराव त्यांच्या शेजारी बसले होते. मी पाण्याच्या तपासणीचा कागद पुढे ठेवला.

"खारपाण हाये साहेब," खुशालराव म्हणाले. "पूर्णेकडं सारंच पाणी खारं. आता देवाले नोटीस देता का, बाई?"

"खारपाण पट्टा इथून बराच उत्तरेला आहे," मी म्हणाले. सोबत आणलेल्या दोन नळ्यांत, एकीत मिठाचं पाणी आणि एकीत आमच्या विहिरीचं, चांदीच्या क्षाराचे थेंब टाकले. मिठाच्या पाण्याची नळी दुधासारखी पांढरी झाली. आमच्या विहिरीचं पाणी जेमतेम गढूळलं. "हा मिठाचा खार नाही. भिंतीला लोणा लागतो ना, तो शोरा, म्हणजेच नायट्रेट. उकिरड्यातून झिरपलेला."

खुशालराव हसले. "तुमी ढोरं ओढणं सोडलं, आमी उकिरडे हलवणं सोडलं. फिट्टंफाट."

ओट्यावर दोघं-तिघं हसले. साहेबांनी नळी उजेडात धरली, मग विचारलं, "उपाय?"

उपाय मी वहीत आखून आणला होता. उकिरडे आधी हलवायचे. मग ती जागा आणि विहीर यांच्यामध्ये जांभूळ आणि उंबर, तीन ओळींत. खोल मुळांची झाडं जमिनीतलं पाणी ओढतात, त्याबरोबर नायट्रेटही. पडलेला पाला रोज उचलून लांबच्या वावरात न्यायचा. तिथेच कुजू दिला तर सगळं परत खाली जातं. साहेबांनी बाभळीची रोपं आणली होती. ती मी नको म्हटलं. बाभूळ मुळांच्या गाठींत हवेतला नत्र बांधते. आम्हाला नत्र काढायचा होता.

"झाडं लावू," खुशालराव म्हणाले. "फोटो काढा साहेब. उकिरड्याचं मंग पाहू."

"उकिरडे हलल्याशिवाय मी एक रोप लावू देणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "वरून ओतत राहायचं आणि खाली झाडाने प्यायचं, असं होत नाही."

माझ्यामागे जयवंता उभी होती, पाचव्या महिन्यात. 

"ताई, झाडाले किती वर्सं लागतीन?"

"चार. कदाचित सहा."

"अन् माहं लेकरू कवा होते?"

मी वहीकडे पाहिलं. त्यात झाडांची उंची होती, ओळींमधलं अंतर होतं. चार महिन्यांसाठी काहीही नव्हतं.

जयवंताने ओट्याखाली ठेवलेली रिकामी घागर उचलली आणि चावडीसमोरच्या, गावाच्या विहिरीकडे निघाली. त्या विहिरीवर आमच्यातलं कोणी कधी चढलं नव्हतं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन सात वर्षं झाली होती.

खुशालराव उठले. "धर्मपालची बायको, थांब. हलवतो म्हणतो ना उकिरडे. उद्याच हलवतो. साहेबांसमोर सांगतो."

"हलवाच," ती मागे न पाहता म्हणाली. "झाडं बी लावा. मी पाणी आणतो."

साहेबांनी कॅमेरा खाली केला नाही. मी वही तिथेच टाकली आणि तिच्यामागे गेले, कारण भरलेली घागर तिला एकटीने ओढू द्यायची नव्हती.