इर्जिकीची भाकरी

"माझ्या खाचरात कुणी पाय घालायचा न्हाई," अनुसयाबाईंनी ओट्यावरून सांगितले, आणि अंगणात जमलेली पंचवीस-तीस माणसे जागच्या जागी थबकली.

सर्वांत पुढे सरपंच विलास होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. मागे वाडीतल्या बाया होत्या आणि पिरंगुटच्या कारखान्यातली पाळी बुडवून आलेले चार-पाच गडी.

"काकू, रोपाला महिना झाला," विलास म्हणाला. "आजून आठ दिस थांबलं तर पेर धरंल. मग लावून काय उपेग?"

"मला रोप शिकवतोस व्हय? तुला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तवापासून भाताची आवणी करतीया मी."

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. पाच दिवसांत त्या अंगणात कोणी हसले नव्हते.

अनुसयाबाईंचा एकुलता एक मुलगा कैलास सैन्यात नाईक होता. सीमेवरच्या चौकीजवळ सुरुंग फुटला आणि तो गेला. तिरंग्यात गुंडाळून गावी आला, त्याला आज पाचवा दिवस. त्या दिवशी चांदणी चौकापासून गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसे उभी होती. पिरंगुटची बाजारपेठ बंद होती. बंदुकांची सलामी झाली, अधिकाऱ्याने घडी केलेला झेंडा सुनेच्या, रोहिणीच्या, हातांवर ठेवला. अनुसयाबाई शेवटपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. मग गाड्या गेल्या, हार सुकले, आणि मागे गाव तेवढे उरले.

सुतकाच्या घरात दहा दिवस चूल पेटत नाही. गाव पाळीपाळीने भाकरी पाठवते. कोणाची पाळी कधी, हे गेली चाळीस वर्षे अनुसयाबाईच ठरवीत आल्या होत्या. आता भाकरीचे गठुडे त्यांच्याच उंबऱ्यावर येऊ लागले. रोहिणी आणि तिची लहानगी किमया त्यातली खात. अनुसयाबाई मात्र चहाचा घोट घेऊन "झालं माझं" म्हणत. देण्याची सवय असलेल्या त्यांच्या हाताला घेणे ठाऊक नव्हते.

"इर्जिक म्हंजी काय, ते तरी ठाव हाय का तुमाला?" त्यांनी विचारले. "मजुरी न्हाई घ्यायची, पण ज्याचं शेत त्याच्या घरी जेवायचं. माझी चूल बंद हाय. उपाशी माणसं राबवून घ्यायची ह्या घराची रीत न्हाई."

"आमी आमची भाकरी बांधून आणलीया, काकू."

"मग ती इर्जिक न्हवं. ती दया झाली."

दारातून रोहिणी बोलली. पाच दिवसांत ती प्रथमच एवढे बोलत होती.

"आत्या, ह्यांचा फोन आला तवा काय म्हनले? ईस तारखंला रजा हाय, खालचं खाचर माझ्यासाठी ठेवा. ठेवलं आपन. आता वरची तीन तरी लावू द्या. रोप काय सुतक पाळत न्हाई."

अनुसयाबाईंनी सुनेकडे पाहिले. या घरात त्यांना असे तोंडावर सांगणारा एकच माणूस होता, आणि तो आता नव्हता.

"वरची तीन लावा," त्या अखेर म्हणाल्या. "खालच्याला हात लावायचा न्हाई."

माणसे शेताकडे गेली. अनुसयाबाई आत आल्या. टोपलीत त्या दिवशी दहा-बारा घरांतून आलेल्या भाकऱ्यांची चवड होती, बहुतेक तशीच. दुपार कलली तशी त्यांनी धुतले फडके अंथरले, चवड बांधली, ठेच्याचा डबा घेतला आणि गठुडे डोक्यावर ठेवले.

"आत्या, सुतकातली भाकरी कोन खाईल?"

"न खाल्ली तर न्हाई. वाढायचं काम माझं हाय."

बांधावर त्यांनी गठुडे सोडले. चिखलातल्या पाठी एकेक करून सरळ झाल्या. पण कोणी पुढे येईना. सुतकाच्या घरातले पाणीसुद्धा घ्यायचे नाही, हे या सगळ्यांना अनुसयाबाईंनीच शिकवले होते आणि स्वतः काटेकोर पाळले होते. नऊ वर्षांपूर्वी वरच्या वाडीतल्या लिलाबाईचा नवरा गोमा गेला. भर पावसात डोंगर चढून अनुसयाबाई तिला भेटायला गेल्या होत्या. लिलाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सुतक फिटल्यावर घेईन." तांब्या उंबऱ्यावरच राहिला होता.

आता तीच लिलाबाई खाचरातल्या पाण्यात हात धुऊन बांधावर चढली. समोर उभी राहून तिने दोन्ही हात पसरले.

"वाढा, आक्का."

"लिले, घर सुतकाचं हाय."

"ठाव हाय. भूक लागलीया."

अनुसयाबाईंनी भाकरी दिली, तिच्यावर ठेचा ठेवला. लिलाबाईने उभ्याउभ्याच घास घेतला आणि विलासकडे पाहिले.

"ह्यो ठेचा तुझ्या बायकूचा. मीठ घालायचं इसरली आजबी."

"गप खा," अनुसयाबाई म्हणाल्या.

तोवर विलास हात धुऊन येत होता. त्याच्या मागे कारखान्यातले गडी, मग बाया. अनुसयाबाई वाढत गेल्या. कोणाला अर्धी जास्त लागते, कोणाला ठेचा चालत नाही, हे त्यांना विचारावे लागले नाही. माणसांनी घरून बांधून आणलेली गठुडी झाडाच्या फांदीला तशीच लटकत राहिली.

सगळे पांगून खायला बसल्यावर त्या लिलाबाईला हळूच म्हणाल्या, "गोमाच्या वक्ताला मी तुझं पानी घेतलं न्हाई."

लिलाबाईने तोंडातला घास गिळला.

"लई पाऊस हुता त्या दिशी, आक्का," ती म्हणाली. "तान कुनाला असतीया पावसात."

मग तिने फडक्यात वाकून पाहिले. एक भाकरी उरली होती. ती मोडून अर्धी तिने अनुसयाबाईंच्या हातावर ठेवली.

"इर्जिकीत घरधनीन शेवटी जेवती. तुमीच सांगितलेलं."

अनुसयाबाईंनी हात मागे घेतला नाही. त्या बांधावर बसल्या. भाकरी वातड झाली होती. चावायला वेळ लागत होता. समोर खालचे खाचर होते, चिखलणी होऊन तसेच पडलेले, पाण्याने काठोकाठ.

"विलास."

"व्हय, काकू."

"रोप किती उरलंय?"

विलासने आधी उरलेल्या रोपाच्या मुठींकडे पाहिले, मग खालच्या खाचराकडे.

"पुरंल."

"मग त्ये बी घ्या. वळी सरळ धरा."

माणसे हात झटकून उठली आणि रोपाच्या मुठी घेऊन खाली उतरली. अनुसयाबाई मात्र हातातली भाकरी संपेपर्यंत बांधावरच बसून राहिल्या.