व्होल्गेचं मावंदं

मी गडू बोलतोय. तांब्याचा, बुटक्या गळ्याचा, घट्ट झाकणाचा. राहात्याच्या अलीकडे पेरूच्या बागांमधून एक कच्चा रस्ता आत जातो. तिथल्या एका वस्तीवर, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. आम्हा भांड्यांना फारसं काही वाटत नाही. गार कळतं, गरम कळतं आणि पोटात काय भरलंय ते कळतं. तेव्हा माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका. जे झालं ते सांगतो.

माझा जन्म नगरच्या एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. तिचे वण अजून अंगावर आहेत. मला विकत घेतलं आक्काबाईंनी. या घरच्या थोरल्या, बन्सीच्या आई. त्या काशीला निघाल्या होत्या. तिथं माझ्यात गंगा भरली, कणकेनं झाकण बंद केलं आणि घर येईपर्यंत आक्काबाईंनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. भरलेला गडू जमिनीला टेकवायचा नाही, चपलांच्या शेजारी ठेवायचा नाही, अशी रीतच आहे. घरी आल्यावर त्यांनी मावंदं घातलं. म्हणजे साऱ्या भावकीला पुरणपोळीचं जेवण, माझी पूजा आणि मग माझं झाकण फोडून प्रत्येकाच्या तळहातावर थोडी थोडी गंगा. त्या दिवशी माझा थाट काय विचारता!

पण मावंदं झालं की गडू रिकामा. गरज सरो नि वैद्य मरो. पुढची तीसेक वर्षं माझ्या पोटात सुया, बटणं आणि कसल्या तरी कुलपाची हरवलेली म्हणून सगळे शोधत असलेली किल्ली होती. मी सांगणार कसं?

आता बन्सीचं ऐका. तो शाळेत होता तेव्हा मास्तरांकडे रशियाचं एक मासिक यायचं. गुळगुळीत, जाड कागदाचं, रंगीत. वाचायचं कुणी नाही, पण त्याची कव्हरं पुस्तकांना झकास बसायची. बन्सीच्या गणिताच्या पुस्तकावर व्होल्गा नदी आली. भलं रुंद पात्र, त्यात एक पांढरी बोट आणि काठावर हात हलवणारी माणसं. गणितात पोरगं नापास झालं, पण कव्हर काही त्यानं फाटू दिलं नाही. ते अजून आहे. गाईंच्या गोठ्यात, दुधाच्या कॅनच्या वर, काचेत बसवलेलं.

"एकदा रशिया बघायचा," हे वाक्य या घरानं पन्नास वर्षं ऐकलं. पेरू तोडताना ऐकलं, धार काढताना ऐकलं. मालनबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "आधी शिर्डीला तरी न्या. हाकेच्या अंतरावर हाय, तिथंबी वरीसभर गेलो न्हाई." तो हसायचा. शेवटी गेल्या दिवाळीत त्यानं नगरहून निघणाऱ्या एका सहलीत दोन जागा घेतल्या. मॉस्को, पीटर्सबर्ग आणि कझान. कझान मुद्दाम, कारण व्होल्गा तिथं आहे.

आणि मार्गशीर्षात, गोठ्यात वाकलेला असताना, बन्सीला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ थोडी जड झाली, बाकी डोकं जागेवर. पण उजव्या हातावर चहा सांडला तरी त्याला कळेना.

त्या दिवसापासून मालनबाईचं काहीतरी झालं. ती सगळं करायची. त्याला उठवणं, न्हाऊ घालणं, मालिश, गाई, स्वयंपाक. रडली मात्र नाही. शेजारच्या रंगुबाई म्हणायच्या, "मालन, एकदा रड गं बाई, मोकळी हो." ती म्हणायची, "येतच न्हाई रडू. काय करू?" आणि पुन्हा कणीक मळायला लागायची. तांब्याचा असून मी सांगतो, ती माझ्यापेक्षा थंड झाली होती.

सहलीची तारीख आली तेव्हा बन्सी म्हणाला, "तू जा. आरतीला संगं घे."

आरती त्यांची मुलगी, नगरला शिक्षिका. मालनबाई म्हणाली, "तुमाला असं टाकून? आन मला काय कळतंय त्यातलं?"

"बघून ये आन मला सांग."

"मला सांगाया येत न्हाई."

बन्सीनं देव्हाऱ्याच्या खालच्या फळीकडं बघितलं. मग म्हणाला, "मग पानी आन. व्होल्गेचं. आईचा गडू ने. परत आलीस की मावंदं घालू. साऱ्या वस्तीला सांगतो मी."

अन् सांगितलंच त्यानं. लोक हसले. रशियाचं मावंदं म्हणे! पण तो खुर्चीत बसून दिवस मोजायला लागला. सुया-बटणं बाहेर निघाली, किल्ली सापडली, आणि चिंचेनं घासून खणात गुंडाळलेला मी मालनबाईच्या कापडी पिशवीत जाऊन बसलो. आजी काशीला निघाली तेव्हाही एवढा निरोपसमारंभ झाला नसेल, असं आरती म्हणाली. आक्काबाई हयात नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर तिला बोलणी बसली असती.

एप्रिल सरत होता. मॉस्कोत ऊन होतं, पण दातखीळ बसेल असा वारा. लाल चौकात रंगीत घुमटांचं ते चर्च पाहिलं. जमिनीच्या पोटात, सरकत्या जिन्यानं खाली खाली जाऊन झुंबरं लावलेली स्टेशनं पाहिली. आरती विचारायची, "आई, कसं वाटलं?"

"बरं हाय."

पीटर्सबर्गला नेवा नदीच्या काठचा हिरवा-पांढरा राजवाडा पाहिला. आत सोनं, आरसे, चित्रं, बघता बघता मान दुखावी. सहलीतले लोक भिंतींकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होते. एवढ्या लांब येऊन आपलं तोंड बघायचं तर घरचा आरसा काय वाईट होता?

"आई, राजवाडा कसा होता?"

"बरं हाय."

आरतीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पिशवीतून पाहिलं. तिला वाटलं, आई काही बघतच नाहीये. मलाही तेच वाटलं.

मग रेल्वेनं कझान. पांढऱ्या भिंतींचा किल्ला, निळ्या मनोऱ्यांची मशीद आणि गाडीनं थोडं पुढं गेल्यावर व्होल्गा. बर्फ नुकतंच वितळलं होतं, काठाच्या सावलीत मळकट तुकडे अजून पडून होते. मालनबाई साडीवर स्वेटर, स्वेटरवर कोट, डोक्याला मफलर अशी दगडांवरून खाली उतरली.

"ही का ती?" तिनं विचारलं.

"हीच," आरती म्हणाली.

तिनं नदीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मला पाण्यात बुडवलं. आई गं! माझ्या जन्मात एवढं गार काही पोटात गेलं नव्हतं. मी भरलो, पण ती हात बाहेर काढेना. मनगटापर्यंत हात तसाच पाण्यात ठेवून बसली.

"आई, काढ ना. बधिर होईल."

"झालाय," ती म्हणाली. बोटं हलवून बघितली. दुसऱ्या हातानं चिमटा घेतला. "कळंना काईच. आरती, ह्यांना आसंच वाटत आसंल का गं?"

 आरतीनं आईचा हात ओढून स्वतःच्या कोटाच्या आत धरला. मालनबाईच्या डोळ्यांत तेव्हाही काही नव्हतं.

सहलीबरोबर जेवण करणारे महाराज होते, त्यांच्याकडून कणकेचा गोळा मागून तिनं माझं झाकण बंद केलं. मॉस्कोपर्यंत रात्रीच्या गाडीत मी तिच्या मांडीवर. विमानतळावर आरती म्हणाली, "आई, गडू मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या सामानात पाणी चालत नाही."

"गंगा का बॅगेत कोंबत्यात? चपला हायेत तिच्यात. आन ती बॅग लोक आपटत्यात."

"अगं, पण नियम आहे."

"आपला न्हाई का नियम?"

आरतीनं खूप सांगितलं, पण ती ऐकेना. तपासणीच्या पट्ट्यावरून मी गेलो आणि पलीकडे एका जाडजूड बाईनं मला उचललं. कणीक पाहिली, वास घेतला, मान हलवली आणि बाजूच्या बादलीकडे बोट दाखवलं. आरती इंग्रजीत बोलली, फोनवर भाषांतर करून दाखवलं, वडील आजारी आहेत म्हणून सांगितलं. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. पुन्हा मान हलवली. मागे रांग वाढत होती.

मालनबाईनं मला तिच्या हातातून घेतलं आणि कणीक फोडून स्वतःच पाणी बादलीत ओतलं. एका दमात. त्या रशियन बाईनं मग स्वतःच्या रुमालानं मला पुसलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. एवढं तिनं केलं, ते मी विसरणार नाही.

विमानात मी रिकामा, तरी तिच्या मांडीवर. मुंबईहून गाडीनं वस्तीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दुपार झाली होती. मे महिन्याचं ऊन. बागेच्या कडेला आमच्या बोरचं पाणी पाइपातून हौदात पडत होतं.

"गाडी थांबव," मालनबाई म्हणाली.

ती उतरली, माझं झाकण काढलं आणि मला पाइपाखाली धरलं. आरती गाडीत बसून बघत राहिली. परत येऊन मालनबाई म्हणाली, "त्यांला सांगशील?"

"नाही, आई."

आमच्या बोरचं पाणी कसं आहे ते ऐका. मचूळ. नवखा माणूस एक घोट घेऊन तोंड वाकडं करतो. बन्सीनं मात्र जन्मभर तेच पिऊन दिवस काढले होते. म्हणजे मालनबाईनं फसवायला नेमका असा माणूस निवडला होता, जो डोळे मिटूनही ते ओळखेल. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण रिकाम्या हातांनी ती दारात जाणार कशी?

घरात शिरताच तिनं माझं झाकण पुन्हा कणकेनं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी मावंदं झालं. मांडव, पुरणपोळ्या, सारी वस्ती. रात्रभर आणि सकाळभर पत्र्याच्या घरात राहून माझ्या पोटातलं पाणी कोमट झालं होतं. रंगुबाईंनी माझी पूजा केली, कणीक फोडली आणि तळहातांवर पाणी वाढायला लागल्या.

"गोड हाय हो!" गहिनीनाथ म्हणाले. हे पलीकडच्या वस्तीवरचे, बन्सीचे शाळासोबती.

"थंड मुलखातलं पानी, गोडच आसनार," आणखी कुणीतरी म्हणालं. रोज तेच पिणारी ही माणसं! मी गडू नसतो तर हसलो असतो.

मग बन्सीची पाळी आली. त्यानं डावा तळहात पुढं केला. मालनबाईनं स्वतः ओतलं. त्यानं ते तोंडात घेतलं आणि गिळायच्या आधी थांबला. तिच्याकडं बघितलं. ती मान खाली घालून उभी. मला वाटलं, संपलं.

त्यानं गिळलं.

"व्हय," बन्सी म्हणाला. "हीच. अशीच आसंल वाटलं हुतं मला."

मग डाव्या हातानं त्यानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "मालन, हितं घाल थोडी."

तिनं त्या मेलेल्या हातावर मला कलता केला. कोमट पाणी बोटांवरून खाली गेलं.

"लई गार हाय गं," तो म्हणाला.

आणि मालनबाई खालीच बसली. मला छातीशी धरून, सगळ्या पंगतीसमोर, पाच महिन्यांचं रडली. "मी वतून दिली वो," एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. "माझ्या हातानं वतून दिली." लोकांना वाटलं, हातावर ओतली त्याचं म्हणतेय. बन्सी डाव्या हातानं तिची पाठ थोपटत होता.

रडून झाल्यावर ती बोलायला लागली, आणि काय बोलली! चर्चचे घुमट म्हणजे ढीग लावलेले कांदे. राजवाड्यातलं सोनं रोज पुसत कोण असंल. जमिनीखाली झुंबरं, आन वर भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या आपल्यागतच डोक्याला फडकं बांधून. नदीत हात कसा बधिर झाला, तेही. तिनं सगळं बघितलं होतं. आरती कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती.

आता मी रिकामा राहत नाही. पाणी संपलं की बन्सी म्हणतो, "मालन, व्होल्गा संपली." ती मुकाट्यानं बोरवर जाऊन भरून आणते. दोघं त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्याचा हात अजून तसाच आहे.

तुमचं कधी येणं झालं, आणि खुर्चीतल्या त्या माणसानं तुमच्या तळहातावर माझ्यातलं पाणी ठेवलं, तर एवढं करा. तोंड वाकडं करू नका. गोड हाय म्हणा.