हीटरचा पंखा

वाटूरच्या नाक्यावर कडूबा मोटारी दुरुस्त करायचा. सत्तेचाळीसच्या जानेवारीत, दिवस उगवता उगवता भालचंद्र वकिलांची मोटार त्याच्या दारात येऊन थांबली. वकिलांची लेक शरयू पहाटे बाळंत झाली होती, सातव्या महिन्यातच. मुलगी मूठभर. जालन्याच्या दवाखान्यात न्या, पण वाटेत ऊब तुटू देऊ नका, असं सुईण साळूबाईनं बजावलं होतं.

"हीटर चालत नाही, कडूबा. जल्दी बघ," वकील म्हणाले.

मोटार अमेरिकन, हैदराबादच्या एका साहेबाकडून घेतलेली. इकडं हीटर कोण लावतो? वकिलांनी तो आजवर सुरूच केला नव्हता. कडूबा स्टेअरिंगशेजारी खाली उताणा शिरला. गरम पाण्याची नळी चटका देत होती, पंखा तेवढा फिरत नव्हता. त्यानं बॅटरीची तार थेट पंख्याच्या मोटारीला लावली. काही नाही. ती खोलली, तर आतली तार जळून काळी पडलेली.

"दुसरीच बसवावी लागंल, साहेब. इथं न्हाई, जालन्यात बी न्हाई. हैदराबादेहून मागवा."

"मग आता?"

कडूबानं मागं पाहिलं. मागच्या सीटवर वकिलांची बायको सरोजिनीबाई कापसात गुंडाळलेलं बाळ पदराखाली धरून बसल्या होत्या.

"पुढं या बाई, हीटरापशी," तो म्हणाला, आणि त्यांच्या पायांशी बसून पंखा काढून त्या रिकाम्या जागेतून पुठ्ठ्यानं वारा घालू लागला.

"गरम येऊन राह्यलं का काही?" त्यानं विचारलं.

"थोडं येतंय. घाल तू."

वकील मान न वळवता गाडी हाकत होते. कडूबाचा एक हात भरून आला की तो दुसरा लावायचा. रामनगरच्या पुढं सरोजिनीबाई "येतंय" म्हणायच्या थांबल्या. कडूबानं वर पाहिलं नाही. वारा घालतच राहिला.

जालन्याच्या डॉक्टरांनी बाळ हातात घेतलं, तपासलं, कापसानं तोंड झाकलं आणि परत दिलं.

पंख्याची नवी मोटार फेब्रुवारी सरता सरता आली. उन्हं तापली होती. कडूबानं ती वकिलांच्या अंगणात बसवली, बटण दाबलं. पंखा बराबर फिरला. तो उठला तर दारात शरयू.

"कडूबादादा, गाडीत ती रडली का हो?"

"ऐकू आलं न्हाई, ताई. इंजनाचा आवाज लई होता."

ती आत गेली नाही. कडूबा हात पुसत राहिला.